नायगावच्या गेटाचा वेढा आणि सुभद्राबाईंची लंगडी

आधी शपथ घेते, आणि मोठ्याने घेते, म्हणजे रस्त्यापलीकडेसुद्धा ऐकू जाईल. ह्या बखरीतला शब्द न् शब्द खरा. एक अक्षर खोटं निघालं तर माझी कवळी पाहुण्यांच्या ताटात पडो, सिरियलच्या ऐन वेळी लाइट जावो आणि रेशनच्या मशीनवर माझा अंगठा कधी न उमटो. ह्याहून मोठी शपथ आमच्या नायगावात कोणी घेत नाही.

करीना, म्हणजे ही हकीकत, लिहावयास कारण ऐसे जे, माझा नातू मनू एके दिवशी मला म्हणाला, "आज्ये, तू ती लढाई दर वेळेला वेगळीच सांगतेस. एकदाच काय ते लिहून टाक." तेव्हा मी बकुळाबाई, मुक्काम नायगाव, राहणार नव्या मनोऱ्यात, मजला विचारू नका, लिफ्ट बंद असली की तो मलाही आठवत नाही, चष्मा पुसून आणि पाय खुर्चीवर घेऊन हा मजकूर लिहायला बसले आहे. ऐकणारांनी चहा आधी ठेवून घ्यावा, मध्ये उठू नये.

तर आमच्या मुलुखाची हकीकत ऐसी. तेव्हा चाळ होती, आणि चाळीला गॅलरी होती, आणि गॅलरीत पोरे होती, आणि ती पोरे सकाळी एकदा सुटली म्हणजे दिवेलागणीलाच हाताला लागत, मग कोणाच्या कोपराला चामडी नसे तर कोणाच्या चपलेला अंगठा. त्यांना व्यायाम करा म्हणून सांगायला कोणी सरदार नेमावा लागत नसे. मग काळ फिरला आणि चाळी पडल्या आणि मनोरे उठले आणि दारात लिफ्ट नावाची पालखी आली, आणि आमची नातवंडे पालखीत बसून खाली उतरू लागली व पालखीत बसूनच वर चढू लागली. घरी आल्यावर मोबाइल नावाच्या बादशहापुढे मान घालून जो मुजरा सुरू होई, तो पानावर बसवले तरी सुटत नसे. शाळा सुटली की क्लास, क्लास सुटला की अंधार. धावायला जागा म्हणावी तर एक उरली, ती शाळेचे पटांगण, आणि वेळ म्हणावी तर एक उरली, ती मधली सुट्टी.

आणि त्या मधल्या सुट्टीवर आम्हा आज्यांचा अंमल होता. तो कसा, तेही सांगते.

शाळेचे लोखंडी गेट रस्त्यावर उघडते. गिरण्यांचे भोंगे वाजायचे तेव्हापासूनचा रिवाज असा, की मधल्या सुट्टीची घंटा झाली म्हणजे घरून गरम डबा घेऊन बायांनी गेटावर जावे, आणि पोराने आतून गजांत तोंड घालावे, आणि आपण बाहेरून घास भरवावा. आम्ही आमच्या पोरांना असे वाढवले आणि पोरांची पोरे आली तेव्हा पुन्हा त्याच गजांपाशी उभ्या राहिलो. प्रत्येकीचा गज ठरलेला, ते पिढीजात वतन. कडेचा गज सुभद्राबाईंचा, त्याच्या लगतचा माझा. एकीने दुसरीच्या गजाला हात लावला तर बोलणे बंद, ते सुभद्राच्या बाजूने गणपतीपर्यंत आणि माझ्या बाजूने भीमजयंतीपर्यंत.

आता ह्या सुभद्राबाई कोण, तर अखंडितकालवणमंडित, घासबहाद्दर, मूळच्या मालवण मुलुखच्या, चाळीत माझ्या भिंतीला भिंत लागून राहिलेल्या. एका नळावर भांडून आमची मैत्री झाली आणि दुसऱ्या नळावर ती पक्की झाली. त्यांची नात पूर्वी, पाचवीत, अंगाने शिडशिडीत, दोन वेण्या, त्यातली एक घट्ट आणि एक ढिली, कारण दुसरी घालेपर्यंत ही बया जागेवर उभी राहत नाही. पूर्वीचे आईबाप दोघेही कामाला. पोरगी सकाळी डोळे चोळत शाळेत जाई आणि संध्याकाळी क्लासवरून पेंगत येई, आणि आजीला ती जागी, तोंड उघडून, समोरासमोर सापडे ती फक्त त्या गजापाशी. हे सुभद्रा कोणाला बोलली नाही. पण लगतच्या गजावर उभ्या असलेल्या बाईला न बोललेलेही कळते.

ऐशियास शाळेत काय घडले, की कसरतीचे सरदार राजरत्न सर, गळ्यात शिट्टी आणि पायात चुन्यासारखे पांढरे बूट, यांच्या मनात आले की पोरांचा दम पाहावा, आणि त्यांनी सगळ्यांना पटांगणाला एक फेरी मारण्याचा हुकूम सोडला. पोरे निघाली तेव्हा फौज होती आणि परत आली तेव्हा इस्पितळ होते. कोणी नळाला टेकले, कोणी झेंड्याच्या कठड्यावर आडवे झाले, आणि आमचे मनूराजे अर्ध्या वाटेत मांडी घालून बसले आणि म्हणाले, "सर, इथून रिक्षा मिळेल का?"

सर बहुत खिन्न जाहले. आणि मग खिन्नता टाकून त्यांनी मनसुबा केला, की आता रोज मधल्या सुट्टीत पटांगणात खेळ व्हावा, आणि वडाळ्याच्या मैदानावर शाळाशाळांची लंगडीची स्पर्धा आहे, तिला आपला संघ जावा, आणि त्या निमित्ताने पोरांच्या छातीत वारे भरावे. निवडीचा दिवस नेमला. खबर ऐकून पूर्वीच्या अंगात जे वारे भरले ते काय वर्णावे, घरात पाणी आणायलासुद्धा ती लंगडी घालत जाऊ लागली. खालच्या मजल्यावरची बाई झाडूने आपले छत ठोकू लागली.

निवडीच्या दिवशी घंटा झाली आणि पूर्वी पटांगणाकडे वळली, तो गेटावरून हाक आली. आजीची हाक म्हणजे शाही फर्मान, ते मोडता येत नाही. मग पूर्वी गजापाशी गेली आणि तांदळाची भाकरी आणि कोलंबीचे कालवण आणि वर मऊ भात आणि त्याच्यावर केळे, अशी चतुरंग सेना पोटात घेऊन मैदानात उतरली. पहिल्यांदा तिने दोन गडी असे टिपले की सरांच्या हातून शिट्टी निसटली. तिसऱ्याच्या मागे निघाली आणि पोटात कळ आली आणि श्वास घशात अडकला आणि पाय टेकला आणि पोरगी कूस धरून जमिनीवर बसली. सरांनी तिला पाणी पाजले आणि दयाळूपणे पण ठाम सांगितले की येत्या शुक्रवारी मधल्या सुट्टीत शेवटची निवड आहे, तेव्हा रिकाम्या अंगाने ये, गेटावरून जेवून येणाऱ्याला मी संघात धरणार नाही, धरले तर वडाळ्याला तो माझ्या खांद्यावरून परत येईल.

हे वर्तमान पूर्वीने घरी येऊन आजीच्या कानी घातले. मीही तिथेच बसले होते, वाल सोलत.

"आजी, उद्यापासून गेटवर नको ना येऊस. मला धाप लागते."

सुभद्राने वालाची शेंग खाली ठेवली. "धाप लागता म्हणजे पोटात काय्येक नाय. माका कळता."

"अगं, जास्त आहे म्हणून लागते. सर बोलले."

"सरांका किती नातवंडा?"

"त्यांचं लग्नच नाही झालं अजून."

"मगे," असे म्हणून सुभद्राने पुन्हा शेंग उचलली, आणि वाद मिटला असे समजून दुसऱ्या दिवशी डब्याला एक खण वाढवला. आता हसू नका. आमच्या मुलुखात पोर धापले की भुकेले, रडले की भुकेले, परीक्षेत नापास झाले की आदल्या दिवशी नीट जेवले नव्हते. हे वैद्यक आम्हाला आयांनी शिकवले आणि आम्ही त्याच्यावर गिरणगाव पोसले.

पूर्वीने मग एक मसलत केली, जी तिच्या वयाच्या मानाने भारीच. ती थेट मुख्याध्यापिका अंबिकाबाईंच्या दरबारी गेली, आणि साक्षीला मनूला घेऊन गेली. अंबिकाबाईंची नजर अशी की फळ्यावरचे खडू आपोआप सरळ रेषेत लागतात. पूर्वीने अर्ज गुदरला की आजी प्रेम फार करते, ते जरा कमी करवावे. मनूने साक्ष दिली की पूर्वी खरे बोलते, आणि पाठोपाठ दुसरी साक्ष दिली की सुभद्रा आजीचे कालवणही खरोखर चांगले असते, आणि पहिली साक्ष वाया घालवली. तरी अंबिकाबाईंनी न्याय केला आणि फर्मान काढले, की डबा सकाळीच दप्तरातून यावा, पोरांनी वर्गात बसून आटपशीर खावा आणि उरलेल्या सुट्टीत एकही पोर सावलीत बसलेले दिसू नये, आणि मधल्या सुट्टीत गेटावर कोणी घास भरवू नये, भरवल्यास डबा सरकारजमा होईल.

हे फर्मान गेटावर लागले आणि नायगावात हलकल्लोळ माजला. आमची वतने एका कागदाने खालसा झाली. आम्ही साऱ्या आज्या मनोऱ्याखाली, सिक्युरिटीच्या केबिनीजवळच्या बाकावर जमलो आणि दरबार भरला. एक म्हणाली मोर्चा काढू, दुसरी म्हणाली माझे गुडघे मोर्च्याचे राहिले नाहीत, बसून काय करता येईल ते बघा. तिसरी म्हणाली उपोषण करू, तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे असे पाहिले की ती घरी गेली.

तेव्हा मी बोलले. ही मसलत माझी, आणि तिचे श्रेय बखरीत नमूद व्हावे. चाळीत आम्ही भाजी कशी घेत असू, तर गॅलरीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडत असू, आणि भाजीवाला खालून मेथी भरत असे. तर आता तेच उलटे करावे. शाळेच्या पहिल्या मजल्यावरची खिडकी मागच्या गल्लीवर उघडते. वरून दोरी सोडायला आपला एक माणूस आत पाहिजे. सुभद्रा म्हणाली, असा फितूर कोण मिळणार. मी म्हटले, माझ्या घरातच आहे, फक्त त्याला लाडू दाखवावा लागेल.

तर बुधवारी मधल्या सुट्टीत मागच्या गल्लीत आमची फौज उभी राहिली, आणि वरून दोरी आली, आणि टोपलीत सुभद्राचा डबा आणि मनूच्या वाटणीचे बेसनाचे लाडू चढवले, आणि टोपली हलत डुलत वर निघाली, जशी काही राजमाता मेण्यातून. खिडकीत मनू होता. त्याला ताकीद अशी होती की डबा पूर्वीला पोचवावा आणि मगच लाडवाला हात लावावा. त्याने आधी लाडवाला हात लावला. एक हात लाडवात, दुसरा तोंडाशी, मग दोरी कोणाच्या हातात? टोपली सुटली, खालच्या वर्गाच्या छज्ज्यावर आपटली, आणि डबा उघडून सुक्या जवळ्याचा पाऊस राजरत्न सरांच्या पांढऱ्या बुटांवर पडला, कारण सर नेमके तिथून चालले होते, आणि नाही म्हटले तरी त्यांचे नशीबच तसे. टोपली सरकारजमा झाली. उरलेले लाडू पंचनाम्यासाठी अंबिकाबाईंच्या टेबलावर गेले आणि तिथे त्यांचा पंचनामा इतका बारकाईने झाला की मागे चुराही उरला नाही. मनूला शिक्षा झाली, ती पटांगणाच्या फेऱ्या. तो रडत गेला आणि घाम पुसत आला आणि घरी येऊन म्हणाला, "आज्ये, ह्या वेळी रिक्षा नाही विचारली मी." मला तेव्हाच फौजेत बिघाड होणार असे वाटले, पण मी सुभद्राला बोलले नाही.

कारण सुभद्रा आता ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. दोन दिवस तिच्या हातचा घास नातीच्या पोटात गेला नव्हता. दप्तरातून डबा जाई आणि रिकामा येई, पण रिकामा डबा काय सांगतो? तो कोणी खाल्ला, कसा खाल्ला, खाताना हसली की नाही, काटा लागला की नाही, काही सांगत नाही. ती बाकावर बसून नुसती गेटाकडे बघे. मी म्हटले, अगं, पोरगी जेवते नीट. ती म्हणाली, "माका दिसत नाय ना पण."

आणि मग तो शुक्रवार उगवला.

सूर्य नेहमीच्याच जागी होता, पण घारी जास्त होत्या, हे मी स्वतः पाहिले. सुभद्राने बांगडा तळला आणि भात केला आणि तिरफळे टाकून कालवण केले आणि डबा फडक्यात बांधून निघाली, आणि तिच्या मागे मी, आणि आमच्या मागे बाकीच्या, गुडघ्यांच्या परवानगीने. गेटावर किल्लेदार होता दत्ताराम, शाळेचा शिपाई, आमच्याच चाळीतला, लहानपणी नाक पुसायला शिकायच्या आधी भाकरी मागायला शिकलेला. त्याने हात आडवा केला.

"मावशी, नाय जाऊ देणार. माझी नोकरी जाईल."

"दत्त्या, ह्याच गजांतून तुका कोणी भरवलान?"

"तू भरवलंस गं, पण आता..."

"तेवा तुका नोकरी होती?"

दत्तारामाने विचार केला, आणि मग रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला आणि येणाऱ्या जाणाऱ्या बसचे नंबर मोठ्याने वाचू लागला. त्या बसच्या नंबरांच्या आड सुभद्राबाईंनी गेट ढकलले आणि ज्या पटांगणात शाळा झाल्यापासून एका आजीचे पाऊल पडले नव्हते, त्यात पाऊल टाकले. आम्ही बाकीच्या गजांपाशीच थांबलो. भ्यालो असे नाही. कोणीतरी पाहून लिहायला पाहिजे होते.

आत निवड भरात आली होती. चुन्याचा चौक आखला होता, सर शिट्टी धरून उभे होते, अंबिकाबाई वरच्या गॅलरीत होत्या, आणि पूर्वीचा डाव येणार तेवढ्यात तिला समोर आजी दिसली, पदर खोचलेली, एका हातात उघडा डबा आणि दुसऱ्या हातात भाताचा घास, त्यात बांगड्याचा मधला भाग, काटा काढून.  पूर्वीचे कान तापले.

"आजी, जा ना. प्लीज. आज लास्ट चान्स आहे."

"एक घास. मगे जा, काय नाचूचा ता नाच."

"तुझा एक कधी एक असतो का?"

सरांनी शिट्टी तोंडात धरली पण फुंकली नाही. नियम सरळ होता, घास खाल्ला की संघातून नाव गेले. आणि घास नाकारला तर, सर बिनलग्नाचे असले तरी माणूस होते, त्यांना आजीच्या त्या हाताकडे बघवेना. पूर्वीने एकदा सरांकडे पाहिले, एकदा आजीकडे पाहिले, आणि मग त्या पाचवीतल्या पोरीने जो तहाचा मसुदा मांडला, तसा मोठमोठ्या मुत्सद्द्यांना सुचला नसता. ती म्हणाली की आजी, तू लंगडी घाल आणि सबंध पटांगणात कुठेही मला धर. धरलेस तर मी इथेच बसून सगळा डबा खाईन, चाटूनपुसून, आणि संघाचे नाव परत काढणार नाही. पण नाही धरलेस आणि घंटा झाली, तर मधल्या सुट्टीत मला हाक मारायची नाही. कधीच नाही.

शेवटच्या शब्दावर तिचा आवाज जरा कापला. पण तिने तो मागे घेतला नाही.

मला वाटले सुभद्रा रागावून परत फिरेल. तर तिने डबा शांतपणे झेंड्याच्या कठड्यावर ठेवला आणि चपला काढल्या आणि लुगड्याचा काचा मारला आणि म्हणाली, "कामगार मैदानात माका कोण धरूक शकला नाय. सांगून ठेवतंय." हे मात्र खरे. लग्न होऊन आली त्या वर्षी हिने लंगडीत अख्खी चाळ टिपली होती, नवऱ्यासकट. सरांनी वर पाहिले, अंबिकाबाईंनी मान हलवली, आणि शिट्टी झाली.

आता त्या युद्धाचे वर्णन करायला माझ्या तोंडी खरे दात पाहिजे होते. सुभद्राबाईंनी डावा पाय उचलला आणि उजव्या पायावर जी पहिली उडी घातली, ती पडताच पटांगणातली चिंच गदगदली. दुसऱ्या उडीला शाळेच्या घंटेचा लोलक आपणच हलला. तिसऱ्या उडीला रस्त्यापलीकडे आणखी एका मनोऱ्याचा पाया ठोकणारे यंत्र बंद पडले, आणि पिवळ्या टोप्या घातलेले कामगार कठड्यावर येऊन बघू लागले की आपले यंत्र शाळेत कोणी नेले. आणि पूर्वी पळत होती. कशी पळत होती, तर नळाला वळसा, खांबाआडून हुलकावणी, चुन्याच्या रेघेवरून परत, वेण्या मागे, पाय पुढे. आजी डावीकडे झेपावली की ही उजवीकडे, आजी उजवीकडे की ही आजीच्या काखेखालून. आणि सुभद्राच्या उजव्या हातातला घास, तो तसाच, शीत सांडले नाही.

मग घारी उतरल्या. बांगड्याचा वास वर गेला होता. एक घार घासावर झेपावली आणि सुभद्राने लंगडी न मोडता तिला डाव्या हाताने अशी एक ठेवून दिली की ती थेट वडाळ्याच्या बाजूला गेली आणि पुन्हा नायगावात दिसली नाही. पोरे आता उड्या मारत होती आणि ओरडत होती, अर्धी "पूर्वी, पूर्वी" आणि अर्धी "आजी, आजी", आणि आमचा मनू दोन्ही, कारण तो निष्पक्ष आहे. आणि ज्यांना खेळायचेच नव्हते ती पोरेसुद्धा सुभद्राच्या वाटेतून सुटायला धावत होती, सगळे पटांगण धावत होते, राजरत्न सरही धावत होते आणि कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हते. आणि गेटाबाहेर आम्ही म्हाताऱ्या गज हलवत होतो, आणि दत्तारामाने बसचे नंबर सोडून दिले होते.

पूर्वीला धाप लागली नाही, हे मी पाहिले. छाती भात्यासारखी चालत होती, पण चेहरा हसत होता. मी सुभद्राकडे पाहिले, तर तीही हसत होती. तिला नात जागी दिसत होती, सबंध, डोक्यापासून पायापर्यंत, गजाच्या आड न येता. मला नाही आठवत ह्यापूर्वी तिने तिला कधी धावताना पाहिले होते का.

दत्ताराम घंटेकडे निघाला आणि तेवढ्यात पूर्वीचा पाय नळापाशी सांडलेल्या पाण्यावर घसरला. ती पडली नाही, पण कोपऱ्यात सापडली, मागे भिंत, बाजूला टाकी. सुभद्राने शेवटची उडी घेतली.  हात पुढे गेला, आणि पूर्वीच्या पाठीपासून वीतभर अंतरावर तोल गेला, पाय टेकला, आणि घंटा वाजली.

सरांनी शिट्टी फुंकली आणि हात वर केला, आणि पोरांनी जो गलका केला तो परळच्या पुलापर्यंत गेला असे पुढे भाजीवाल्यांकडून कळले. सुभद्रा टाकीला टेकून उभी होती, छातीचा नुसता भाता. पूर्वी तिच्याजवळ आली आणि तिच्या हातातला तो घास तिने काढून घेतला आणि तिच्याच तोंडासमोर धरला.

"धाप लागली ना? म्हणजे पोटात काही नाही. खा."

सुभद्राने घास घेतला, चावला, आणि म्हणाली, "मीठ कमी झालाहा."  डबा तिथेच सगळ्या पोरांत वाटला गेला, आणि दोन पोरे वरणभाताची निघाली त्यांनी भात नुसता खाल्ला.

तर ह्या लढाईची अधिकृत नोंद खालीलप्रमाणे व्हावी. मधल्या सुट्टीचे पटांगण पोरांनी जिंकले, ते त्यांच्याकडे वंशपरंपरा राहील. गेटावरची आमची गजांची वतने खालसा झाली आणि आम्ही ती राजीखुशीने सोडली, म्हणजे आधी भांडलो आणि मग सोडली. पूर्वीचे नाव संघात लागले. टोपली परत मिळाली, लाडू मिळाले नाहीत. आणि अंबिकाबाईंनी नवे फर्मान असे काढले, की कोणा आजीला मधल्या सुट्टीत आत यायचे असेल तर तिने रिकाम्या हाताने आणि लंगडी घालत यावे. म्हणून आता आठवड्यातून एकदा आम्ही जातो, ज्यांचे गुडघे कबूल होतात त्या, आणि पोरे आमच्यापुढून पळतात. परवा मनू मला अख्खी फेरी हाताला लागला नाही. मी त्याला शिव्या दिल्या आणि घरी येऊन त्याच्या बापाला कौतुकाने सांगितले. संघ वडाळ्याला गेला आणि माटुंग्याच्या पोरींकडून हरून आला, पण बखरीत आपली हार लिहीत नाहीत, तेव्हा ते तुम्ही वाचले नाही असे समजा. बाकी काय सांगू, तुम्हालाही नातवंडे आहेत.

आता शपथ घेतलीच आहे म्हणून एक सांगते आणि पेन ठेवते. हे शेवटचे पान पूर्वीला वाचून दाखवायचे नाही, असे मनूशी ठरले आहे, त्याबद्दल त्याला लाडू कबूल केलेत. वर लिहिले ते सगळे खरे. घार खरी, यंत्र खरे, चिंच खरी. एकच गोष्ट माझ्या पदरची आहे. वीतभर अंतर राहिले, असे मी लिहिले. ते राहिले नव्हते. मी गजाला गाल लावून बघत होते, माझ्या डोळ्यांसमोर होते सगळे. सुभद्राचा हात त्या ढिल्या वेणीपर्यंत पोचला होता, रिबिनीला बोटे लागायची होती फक्त. तिने आधी हात मागे घेतला, आणि मग पाय टेकला.